साडेचार मिनिटांपुढचे कडवे

सिन्नरहून निघताना माझ्या वहीत तीन कामे होती. बबनला ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, नेऊन देणे, कात्रपच्या मंडळाकडून बुद्धपौर्णिमेची तारीख पक्की करणे, आणि उल्हासनगरला बरे मिळाले तर मुलीसाठी ड्रेसचे कापड घेणे. चौथे काम अंबरनाथला पोहोचल्यावर वाढले. सहा दिवसांत पहिल्या तिन्हींवर बरोबरची खूण झाली. चौथे तसेच राहिले. त्या चौथ्या कामाबद्दल हे लिहिते आहे, आमच्या बाजूच्या ज्या लोकांना कल्याणच्या पलीकडचा हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी.

आधी पार्टीविषयी. माझा थोरला भाऊ लहानू गाणी लिहितो आणि गातो. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, नामकरण, जिथे बोलावतील तिथे त्याची गायनपार्टी जाते. मी शाळेत क्लार्क आहे, त्यामुळे पार्टीच्या तारखांची वही माझ्याकडे. दादाची एकच कॅसेट निघाली आणि तिच्यावर त्याला काहीही मिळाले नाही. त्याची त्याबद्दल तक्रार नाही. पार्टी कॅसेटवर चालत नाही, बोलावण्यावर चालते. आणि बोलावणे येते ते गाण्याच्या शेवटच्या कडव्यामुळे.

आमच्यात कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. "लहानू सांगे" असे आले की ऐकणारा शेजाऱ्याला विचारतो, हा लहानू कुठला? कुणीतरी म्हणतो, सिन्नरचा. की पुढच्या वर्षी त्या गावची माणसे आमच्या दारात. ते कडवे म्हणजे दादाचा पत्ता. छापलेले कार्ड त्याच्याकडे कधी नव्हते आणि कधी लागलेही नाही.

त्याचे सर्वांत चाललेले गाणे पाटीचे. आई पायातले चांदीचे वाळे मोडते आणि मुलाला पाटी घेऊन देते. ध्रुपद असे आहे:

पाटी माझी काळी गं आई,
अक्षर माझं चांदीचं.

मधल्या तीन कडव्यांत आईचे कष्ट आणि ते वाळे मोडणे. मग शेवट:

चांदी गेली पायातली, उजेड आला दारी,
लहानू सांगे, आईची सही पहिली माझ्या घरी.

म्हणजे मुलगा त्याच पाटीवर आईला अक्षरे गिरवायला लावतो आणि ती सही करायला शिकते. आमची आई खरोखर शिकली होती. रेशनच्या दुकानात अंगठ्याची शाई पुढे केली की ती दुकानदाराला म्हणायची, "ती राहू दे, पेन आण."

गेल्या दोन वर्षांत या भागातली बोलावणी आटली. सात मंडळे होती, एक उरले, कात्रपचे. त्यांनीही फोनवर सांगितले, की यंदा ऑर्केस्ट्राचा विचार आहे. दादा मला म्हणाला, "शकू, कात्रप गेलं तर पार्टी बंद. चार माणसांना किती दिवस आशेवर ठेवू?" म्हणून फोनवर न बोलता आम्ही दोघे समक्ष निघालो.

अंबरनाथ पूर्व, सोमवार

बबन आमचा ढोलकीवाला. मूळचा आमच्याच गावचा, आता अंबरनाथला कारखान्यात आहे आणि सुट्टी टाकून पार्टीत वाजवतो. त्याच्या दोन खोल्यांत आमचा मुक्काम होता. त्याच्या बायकोने, कांताने, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली. ही भाकरी पांढरी, मऊ, दिसायला सुरेख, आणि तासाभराने पुन्हा भूक. मी तसे म्हटल्यावर कांता म्हणाली, "म्हणून तर दोन जास्त केल्यात, ताई. बाजरीवाल्यांचा अंदाज आहे मला."

मी पुडी दिली, वहीत खूण केली. बबन पुडीकडे न बघता मोबाइल काढून बसला.

"दादा, गंमत ऐका. तुमचं पाटीचं गाणं इथं प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. आमच्या कँटीनमध्ये वाजतं!"

मला आधी आनंदच झाला. गाणे लागले. दादाचा वीस वर्षांपूर्वीचा कोवळा आवाज, पहिले कडवे, दुसरे, तिसरे. वाळे मोडले. आणि ध्रुपद अर्धे येते न येते तोच कुठल्यातरी लग्नाच्या गाण्याची सनई सुरू झाली.

"पुढचं लाव," मी म्हटले.

"पुढचं हेच. लग्नाचं."

"पाटीचं पुढचं कडवं रे."

बबनने मोबाइल उलटा करून पाहिला, जणू ते मागच्या बाजूला असेल. "इतकंच आहे, ताई."

"अरे, तू स्वतः वाजवलंयस ते! शेवटच्या कडव्याला तुझा केवढा तुकडा आहे."

त्याचा चेहरा उतरला. "खरं सांगू? रागावू नका. मलाही आता ते असंच पाठ झालंय."

मी वही काढली. सहा मंडळे दोन वर्षांत का गेली, हा प्रश्न मी वहीत कितीतरी वेळा लिहून त्यापुढे "महागाई?", "ऑर्केस्ट्रा?" असे काहीबाही लिहिले होते. ते सगळे खोडले. गाणे घरोघरी पोहोचले होते, फक्त पत्ता फाडून.

बबनने गाणी स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतली होती. त्या दुकानात विचारल्यावर कळले, की त्यांच्याकडे ती उल्हासनगरहून येतात, कॅम्प ५ मधल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून. पत्ता मिळाला. चौथे काम लिहिले: गाणे दुरुस्त करून घेणे.

उल्हासनगर कॅम्प ५, मंगळवार

दुकान एका शिंप्याच्या आणि एका पापडवाल्याच्या मधे होते. आत तीन कॉम्प्युटर आणि त्यांच्यामागे साठीचे सिंधी शेठ. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी आधी बसायला स्टूल दिले आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात, इथे पापड. तोंडात कुरकुरीत पापड असताना भांडता येत नाही. मी तो आधी संपवला.

"शेठ, हे पाटीचं गाणं तुम्ही कापलंत?"

"दीदी, मी सगळीच कापतो," ते शांतपणे म्हणाले. "साडेचार मिनिट. त्याच्यापुढे कट."

"का म्हणून?"

"कव्हरवर लिहावं लागतं ना, एका कार्डात दोनशे गाणी. पब्लिक गाणं नाही बघत, आकडा बघते. मी दीडशे लिहिलं तर लोक बाजूच्या गल्लीत जातात."

"पण कुणाला विचारून कापलंत?"

"कुणाला विचारू? त्याच्यावर कुणाचं नाव होतं काय?"

"नाव होतं!" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या शिंप्याचे मशीन थांबले. "नावच होतं! तेच तुम्ही कापलंत!"

दादाने पिशवीतून आपली कॅसेट काढून टेबलावर ठेवली. शेठनी कोपऱ्यातला जुना टेप पुसून लावला आणि गाणे शेवटपर्यंत ऐकले. "लहानू सांगे" आल्यावर त्यांनी दादाकडे बोट केले. "हे तुम्ही?"

दादाने मान हलवली.

"हमारे में भी ऐसाच आहे, भाऊ. कलाम के आखिर में नाम. माझे वडील भगत गायचे, आमचा सिंधी गाण्याचा खेळ, रात रात. त्यांचं पण नाव आखिर में यायचं."

मला वाटले, आता हा माणूस उमगला. "मग त्यांची गाणी तुम्ही अशी कापाल का?"

शेठनी आपल्या पापडाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "सच बोलू, दीदी? ती पण कापली. आमची कलाम तर आठ आठ मिनिटांची."

पोटच्या पोराने बापाचे नाव साडेचार मिनिटांवर कापले, आणि ते सांगताना त्याला वाईटही वाटत होते. यावर काय बोलायचे ते मी लिहून नेले नव्हते.

शेठनी मात्र लगेच कामाला हात घातला. कॅसेटवरून पूर्ण गाणे कॉम्प्युटरमध्ये घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यापर्यंत आले आणि वीज गेली. सिन्नरला वीज जाते तेव्हा निदान सगळ्यांना तिची वेळ पाठ असते. इथे तीही नक्की नाही. दोन तास बसलो. मधल्या वेळात समोरून दाल-पकवान आले, म्हणजे हरभऱ्याची घट्ट डाळ आणि बरोबर कुरकुरीत मोठी पुरी. दादाने दोन प्लेटी खाल्ल्या. माझ्या रागामुळे मला एकच गेली.

वीज आली, गाणे पूर्ण चढले. मी खूण करायला वही उघडली, तेव्हा शेठ म्हणाले, "दीदी, आजपासून जो घेईल त्याला फुल मिळेल, वादा. पण जे गेलं ते कसं आणू? एकाच्या मोबाइलमधून दहाच्या मोबाइलमध्ये, दहाच्यातून शंभरच्या. त्यात तर माझं दुकान पण नाही येत. त्याचं मला पण काय नाही मिळत." मग दादाला म्हणाले, "भाऊ, नाव आखिर में ठेवताच कशाला? पुढे घ्या ना. कोण कापणार?"

दादा हसला. "शेठ, गाणं आधी लोकांचं. त्यांचं गाऊन झालं, की मग कवीनं कडेला उभं राहून सांगायचं, बाबांनो, हे मी केलं. आधीच नाव पुकारत आलो तर फेरीवाल्यात आणि माझ्यात काय फरक?"

येताना मुलीसाठी कापड घेतले, जांभळे, बारीक बुट्ट्यांचे. दुकानदाराने चांगला भाव करून दिला. खूण केली. चौथ्या कामापुढे पेन टेकवला आणि उचलला.

कात्रप, बुधवार

बदलापूर पूर्वेच्या कात्रपमध्ये चारमजली इमारती एकीला एक लागून आहेत आणि जिन्यात प्रत्येक दारापुढे चपलांची मांडणी. मंडळाच्या अध्यक्षांचे घर दुसऱ्या मजल्यावर. सरकारी ऑफिसात नोकरीला असलेला नीटनेटका माणूस, आम्हाला "जय भीम" करून आदराने बसवले. अध्यक्षांच्या बायकोने ताडगोळे दिले. मी ते पेरूसारखे चावायला गेले आणि आतले पाणी पिचकारीसारखे थेट तारखांच्या वहीवर उडाले. मे महिन्याचे पान चिकट झाले ते अजून सुटत नाही.

अध्यक्षांनी सरळ विषय काढला. "बाबा, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण ऑर्केस्ट्रावाले सगळं म्हणतात. तुमचं ते पाटीचं पण म्हणतात."

"माझं आहे, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?" दादाने विचारले.

"तुमचं म्हणजे, तुम्हीपण म्हणता, तेपण म्हणतात."

दादाने वाद घातला नाही. मांडीवर ताल धरला आणि गाऊ लागला. शेजारच्या घरांची दारे उघडली, चार-पाच बायका उंबऱ्यात येऊन बसल्या. तिसऱ्या कडव्याला एकीने पदर डोळ्यांना लावला. मग दादा चौथ्या कडव्यात शिरला, "लहानू सांगे" म्हणाला, आणि अध्यक्ष सावरून बसले.

"हे शेवटचं नवीन जोडलंत का?"

"नवीन?"

"नाही, ओरिजिनलमध्ये हे नाहीये." त्यांनी मोबाइल काढला आणि ऐकवला. वाळे मोडले, अर्धे ध्रुपद, आणि सनई. "बघा. इथं संपतं."

उंबऱ्यातली एक बाई समजुतीच्या आवाजात म्हणाली, "आणि बाबा, दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घालणं बरं दिसत नाही."

मी उभी राहिले. "अहो बाई, ज्याचं गाणं त्याला तुम्ही हे सांगता? या मोबाइलमध्ये जो आवाज आहे तो याचा आहे! या, इथं बसलेल्या माणसाचा!"

"आवाज थोडा वेगळा वाटतो," अध्यक्ष म्हणाले.

"वीस वर्षांनी तुमचाही वेगळा वाटेल! ही घ्या कॅसेट, लावा."

इथे माझी सगळी व्यवस्था कोलमडली. शेठकडून पूर्ण गाणे मोबाइलमध्ये भरून घ्यायचे मला सुचलेच नव्हते. कॅसेट होती, पण सोळा घरांच्या त्या इमारतीत एकही टेपरेकॉर्डर चालू स्थितीत नव्हता. अध्यक्षांची बायको मनापासून हळहळली. "आमचा होता हो, चांगला दोन कॅसेटींचा. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला." एका घरातून एक आणला, तो फिरायचाच नाही. माझ्याकडे पुरावा होता आणि तो दाखवायला साऱ्या कात्रपमध्ये यंत्र नव्हते.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. शेवटी तेच म्हणाले, "जाऊ द्या. दरवर्षी तुम्ही येता, याही वर्षी तुम्हीच या. शुक्रवार पक्का. फक्त पाटीचं गाणं मोबाइलवर आहे तसं म्हणा. आमच्या बायामाणसांना ते तसंच पाठ आहे. वाळे मोडतात, सगळ्या रडतात, गाणं संपतं. मधेच ती सही-बिही आली की मूड जातो."

"चालेल," दादा म्हणाला.

जिन्यात मी त्याला थांबवले. "चालेल? आई सही करते ते कडवं काढून टाकायचं आणि चालेल? मग राहिलं काय त्या गाण्यात? एक बाई गरीब होती आणि तिनं दागिना मोडला, एवढंच? तू काय रडगाणं लिहिलं होतंस?"

"तुला तारीख हवी होती ना?"

"हवी होती."

"मग लिही वहीत," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

मी लिहिली. त्या खुणेइतकी वाईट खूण मी आजवर केली नाही.

कात्रप, शुक्रवार

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी खीर वाटली. आमच्याकडे ती गव्हाची आणि गुळाची असते, इथे तांदळाची, दाट, चारोळ्या घातलेली. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे यांनी मैदान भरले होते. दादाने आधी वंदनेची गाणी घेतली, मग पाटीच्या गाण्याचा सूर धरला तसे पुढच्या रांगांतून वीस-पंचवीस मोबाइल वर आले.

पेटीचा तुकडा झाला आणि दादा गायला:

पाटी लहानूची काळी गं आई,
अक्षर त्याचं चांदीचं.

बबनची एक मात्रा चुकली. त्याच दिवशी सिन्नरहून आलेले कोरसमधले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. एकाने "माझी" म्हटले, दुसऱ्याने "लहानूची". दुसऱ्या वेळी मात्र दोघांनीही बरोबर उचलले. दादा समोर बघत होता, माझ्याकडे त्याने पाहिले नाही. दिलेला शब्द त्याने पाळला, तीन कडव्यांवर थांबला. पण ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर दोनदा फिरते, आणि त्याचे नाव त्यात दर वेळी होते. कापायचे तर अख्खे गाणे कापावे लागले असते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका रडल्या. जो माणूस मंगळवारी म्हणत होता, नाव पुकारत येणारा तो फेरीवाला, त्याला शुक्रवारी स्टेजवर उभे राहून ओळीओळीला आपले नाव पुकारावे लागले. हे त्याच्यावर कुणी आणले? कुणीच नाही म्हणे. शेठनी फक्त आकडा बघितला, बबनने फक्त कार्ड भरले, अध्यक्षांनी फक्त पाठ असलेले मागितले. एवढ्या भल्या माणसांनी मिळून केलेले हे काम आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी वही उघडून स्टेजच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले. पूर्वी अशा वेळी आजूबाजूच्या मंडळांची माणसे यायची, "लहानूबाबा तुम्हीच का?" असे विचारत. मी पाऊण तास बसले. एक माणूस आला, त्याला माझ्याखालची खुर्ची न्यायची होती.

"एका तारखेवर पार्टी चालत नाही, शकू," दादा म्हणाला. "पण आता नाव फिरेल. बघू."

अंबरनाथ पूर्व, शनिवार

परतीची गाडी दुपारची होती. स्टेशनजवळच्या त्याच मोबाइलच्या दुकानापाशी आलो तेव्हा मला राहवले नाही. शेठचे पूर्ण गाणे इथे आले की नाही ते बघायचे होते. या वेळी काउंटरवर तिशीची एक चुणचुणीत बाई होती.

"पाटीचं गाणं आहे का?"

"कुठलं, मावशी? जुनं की लहानूवालं?"

मी दादाकडे पाहिले. त्याचा चेहरा असा उजळला, की मला माझाच राग खोटा वाटला. "लहानूवालं," मी म्हटले. "केव्हा आलं?"

"आजच सकाळी. कुणीतरी कात्रपला रेकॉर्ड केलंय. आवाज जरा लांबून आहे, पण सकाळपासून सहा जणांनी नेलं."

"आणि हा लहानू कोण?" मी मुद्दाम विचारले.

"गाण्यातला पोरगा हो. त्याची आई नाही का वाळे मोडते?"

"अहो, लहानू म्हणजे कवी! ज्यानं गाणं केलं तो! हा बघा, समोर उभा आहे."

तिने दादाकडे नीट पाहिले. पांढऱ्या मिशा, टोपी, हातात पेटीची पिशवी. मग ती हसली, थट्टा कळल्यासारखी. "काय मावशी. गाण्यातला लहानू एवढासा आहे," आणि तिने काउंटरच्या खाली, गुडघ्याच्या वर हात धरून दाखवला. "बिचारा. पाटी तर मिळाली, पुढं त्याचं काय झालं ते काही गाण्यात नाही."

दादा त्या हाताकडे बघत होता. "चल शकू," तो म्हणाला, "गाडी चुकेल."

मला गाता येत नाही. शाळेच्या प्रार्थनेतही मी नुसते ओठ हलवते. पण त्या काउंटरवर मी वही आपटली आणि भर रस्त्यात, फळवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्या देखत, शेवटचे कडवे म्हटले. पहिली ओळ, दुसरी ओळ, "लहानू सांगे", आईची सही, सगळे. सूर नव्हता, ताल तर मुळीच नव्हता. दोन रिक्षावाले पुढे येऊन बघू लागले.

माझे संपल्यावर बाईने हळूच विचारले, "मावशी, हे कुठल्या कार्डात आहे?"